आजोबांची हत्यारपेटी: गंज काढण्याआधी ओळख पटवायची आहे

पोटमाळा | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घराची कौलं उतरवायची होती म्हणून माळा रिकामा केला. भाताची कणगी, मोडका पाळणा, आणि कोपऱ्यात आजोबांची हत्यारपेटी. आजोबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. १९३७ साली लागले. निवृत्त होऊन गावी आले आणि शेवटपर्यंत शेजारपाजारच्यांची दारं-खिडक्या करत राहिले. ते गेले तेव्हा मी पाचवीत होतो. त्यानंतर पेटीला कुणी हात लावला नाही, नुसते पावसाळे गेले तिच्यावरून.

आत सहा पटाश्या, एक लोखंडी रंधा (चौदा इंच), एक हातकरवत, एक वाकस (लाकूड तासायचा), गिरमिटं, आणि एक वस्तू जिच्यावरून घरात वाद चालू आहे. चिमट्यासारखी आहे, दोन दांड्या दाबायच्या. घरातले सगळे म्हणतात हा टीसीचा तिकिटाला भोक पाडायचा पंच, आजोबा रेल्वेत होते म्हणून मिळाला असेल. पण मी कागद घालून पाहिला, भोक पडत नाही, नुसता दाब उमटतो. तोंडाशी एक छोटी चकती आहे, तिच्या कडेवर ४ ते १२ असे आकडे. आत्याच्या मते ते महिने. मग जानेवारी ते मार्च कुठे गेले, याचं उत्तर तिच्याकडे नाही.

एक पटाशी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासली. आरशासारखी झालीय, फोटो टाकलाय. बाकीच्याही अशाच करणार आहे. कुठलं काय आहे ते सांगा.

बिजागरी | रविवार, रात्री १०:३५

जानेवारी ते मार्च रेल्वे बंद असायची बहुतेक. :)

पटाशी मस्त चमकतेय.

शेफिल्डकर | रविवार, रात्री ११:०३

पोटमाळा, आत्याबाईंना सांगा की तो पंच तिकिटाचा नाही, करवतीचा आहे. दात फाकवायचं हत्यार. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे कापलेली चीर पात्यापेक्षा रुंद पडते. नाहीतर करवत स्वतःच्याच चिरेत आवळून बसते. पूर्वी हे हातोडी आणि खिळ्यानेही करत. या चिमट्यात दात धरायचा आणि दांड्या दाबायच्या. आतला छोटा दट्ट्या दाताला त्या चकतीच्या उतारावर ढकलतो. चकती फिरवली की उतार बदलतो. ४ ते १२ म्हणजे एका इंचात दातांची टोकं किती, तो आकडा. मोठ्या दातांची करवत असेल तर ४-५, बारीक असेल तर १०-१२.

दांडीवर 'एक्लिप्स, नं. ७७' असं काही दिसतंय का बघा. ही इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीची वस्तू. इथल्या रविवारच्या बाजारात अजून टोपलीभर मिळतात.

सुतारपक्षी | सोमवार, सकाळी ६:४८

भाऊ, ती चमकणारी पटाशी बघून पोटात गोळा आला. आता हात थांबवा. बाकीच्या पाच पटाश्या, रंधा, करवत, कशालाच ब्रश लावू नका.

आमच्या घरात चार पिढ्या सुतारकी. वडिलांनी बलुत्यावर काम केलेलं आहे, नांगर-कुळवापासून बैलगाडीच्या चाकापर्यंत. मी आयटीआयमधून सुतारकी शिकलो आणि आता तिथेच शिकवतो. जुनं हत्यार हातात आलं की पहिल्यांदा ते वाचायचं, मग पुसायचं. पटाशीवर मुठीच्या खाली बोटभर अंतरावर ठसा असतो. गंजाच्या पापुद्र्याखाली तो पन्नास वर्षं टिकतो, पण तारेच्या ब्रशाखाली दोन मिनिटंही टिकत नाही. तुमच्या फोटोत त्या जागी फक्त गुळगुळीत पोलाद दिसतंय.

आता असं करा. दुसरी पटाशी घ्या. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने नुसती पुसा, घासू नका. वाळू द्या. ठशाच्या जागी खडूची पूड बोटाने चोळा आणि वरची फुंकरीने उडवा. खोलगट अक्षरांत पूड राहते. मग खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत बाजूने, अगदी पात्याला समांतर टाका. समोरून टाकलात तर काही दिसणार नाही.

पोटमाळा | सोमवार, सकाळी ९:१५

अरेरे. सुतारपक्षी, तुम्ही दोन दिवस आधी भेटायला हवे होतात. रात्री करून बघतो.

शेफिल्डकर, पंचावर एक्लिप्स आणि ७७ दोन्ही आहे! आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग तिकिटाचा कुठे गेला?"

पोटमाळा | बुधवार, रात्री ११:२०

वाचता आलं! खडूची पूड नव्हती, देवघरातली रांगोळी वापरली. पाचपैकी तीन पटाश्यांवर बेलाच्या पानासारखं त्रिदळ आहे आणि त्याच्याभोवती 'मार्पल्स अँड सन्स'. चौथीवर काहीच नाही. पाचवीवर त्रिदळाच्या खाली, वेगळ्या आणि वेड्यावाकड्या ठशात, चार अक्षरं: जी. आय. पी. आर. बॅटरी धरून बायको उभी होती, तिनेच आधी वाचलं. आणि मी घासलेली पटाशी याच रुंदीच्या जोडीतली आहे. तिच्यावर काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

शेफिल्डकर | गुरुवार, पहाटे १:४०

बेलाचं पान नाही, ते आयरिश शॅमरॉक. विल्यम मार्पल्स अँड सन्स, शेफिल्ड. त्यांच्या कारखान्याचं नाव हायबर्निया वर्क्स, हायबर्निया म्हणजे लॅटिनमध्ये आयर्लंड, म्हणून ते पान. तुमच्या घरी बेलाचंच राहू दे, छान वाटतं.

ठशात 'कास्ट स्टील' असे शब्द असतील तर तेही सांगा. त्याचा अर्थ बिडाची ओतीव पटाशी असा नाही. मुशीत वितळवून केलेलं पोलाद. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ती रीत बसवली आणि पुढे दीडशे वर्षं चांगल्या हत्यारावर हे शब्द अभिमानाने मारले जात. (दक्षिण भारतात मुशीतलं पोलाद त्याच्या कितीतरी शतकं आधी होतं, हे मी इथल्या मित्रांना दर बैठकीत ऐकवतो.)

ओसरी | गुरुवार, सकाळी ८:०५

जी. आय. पी. आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे हे सगळ्यांना माहीत असेलच. बोरीबंदर-ठाणे १८५३ वाली. ती ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. माटुंगा वर्कशॉप तिचंच, १९१५ चं. म्हणजे हा ठसा ५१ च्या आधीचा. तारीख हवी होती ना, घ्या.

बिजागरी | गुरुवार, सकाळी ८:३०

म्हणजे पटाशी सरकारी मालमत्ता. आजोबांनी ढापली म्हणायची का? :)

पोटमाळा | गुरुवार, सकाळी ९:०२

आजोबा उरलेले खिळेसुद्धा मोजून परत देणारे होते असं आजी सांगायची. पण आजीचं त्यांच्याबाबतीत सगळंच ऐकायचं नाही, असं आत्या म्हणते. मी यात पडत नाही.

रंध्याचं सांगा. त्याच्यावर 'स्टॅनले' आणि 'नं. ५' आहे. पातं काढलं तर त्याच्यावर 'मेड इन इंग्लंड'. म्हणजे इंग्लंडचा ना?

शेफिल्डकर | गुरुवार, संध्याकाळी ५:५०

पात्यावरून रंध्याचं वय कधीच ठरवू नका. पातं झिजतं आणि बदललं जातं. अंगाच्या ओतकामावर काय आहे ते बघा. पातं ज्या तिरक्या ठोकळ्यावर टेकतं (इंग्रजीत त्याला चक्क बेडूक म्हणतात), त्याच्या मागे, मागच्या मुठीच्या पुढ्यात, तळावर उठावाची अक्षरं आहेत का?

पोटमाळा | गुरुवार, रात्री १०:१०

आहेत! तीन ओळी. मार्च २५, ०२. ऑगस्ट १९, ०२. एप्रिल १९, १०.

शेफिल्डकर | शुक्रवार, पहाटे १२:२५

वा! या पेटंटच्या तारखा. १९०२ च्या दोन आणि १९१० ची एक. तिसरी आहे म्हणजे रंधा १९१० च्या आधीचा असूच शकत नाही. या तीन तारखा एकत्र असलेले रंधे साधारण १९१० ते १९१८ मधले धरतात. अमेरिकेत ओतलेलं अंग आहे हे.

आता पात्यावरची दाबपट्टी पाहा. तिला स्क्रूसाठी भोक असतं. जुन्या पट्टीत ते कुलपाच्या चावीच्या भोकासारखं. १९३३ नंतरच्या पट्टीत काजूसारखं वाकडं.

पोटमाळा | शुक्रवार, सकाळी ७:३०

काजू. पक्का काजू, आम्ही कोकणातले, ओळखतो.

शेफिल्डकर | शुक्रवार, दुपारी २:१५

मग अंग १९१० च्या दशकातलं अमेरिकन, दाबपट्टी १९३३ नंतरची, आणि पातं त्याहून पुढचं, कारण स्टॅनलेने शेफिल्डमध्ये रंधे करायला सुरुवात केली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीला. बारा गावचं पाणी प्यालेला रंधा आहे. आजोबा कामाला लागले तेव्हा त्याचं अंग आधीच वीस-पंचवीस वर्षांचं होतं. कुणाकडून तरी जुनाच घेतला असणार. संग्राहक अशा मिश्र रंध्याला नाक मुरडतात. लाकडाला त्याने काही फरक पडत नाही.

मागची मूठ कसली आहे? त्या काळात कंपनी रोझवूडची द्यायची.

पोटमाळा | शुक्रवार, रात्री ९:४०

पुढचा गोळा काळपट-लाल आहे. मागची मूठ मात्र वेगळी, तपकिरी, आतून पिवळसर. फणस वाटतो. आकारही जरा बेढब आहे, पण हातात धरली तर अंगठा आपोआप एका खळग्यात बसतो. तिचा स्क्रू गायब आहे. हार्डवेअरवाल्याकडचा एकही बसला नाही.

सुतारपक्षी | शनिवार, सकाळी ६:३०

फणसाची मूठ आजोबांनीच केलीय मग. ती बदलू नका. नवी बाजारची मूठ टाकाल तर मी इथे येऊन भांडेन.

स्क्रूचं असं आहे की स्टॅनलेचे आटे जगावेगळे. बारा नंबर जाडी आणि इंचात वीस आटे. आपल्याकडचा मेट्रिक त्यात जाणार नाही. जबरदस्तीने फिरवू नका, बिडातले आटे गेले की गेले. लेथवाल्याला जुना पितळी नट नमुना म्हणून द्या, तासाभरात करून देईल.

आणि एक. रंधा मोकळा करून अंग दोरीला टांगा आणि लाकडी मोगरीने हळूच वाजवा. घंटेसारखा आवाज आला तर साबूत. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. बहुतेक वेळा तोंडापाशी, पातं बाहेर येतं तिथे.

पोटमाळा | शनिवार, सकाळी ११:००

वाजला. देवळातल्या घंटेइतका नाही, पण वाजला. आता गंज कसा काढू?

ओसरी | शनिवार, सकाळी ११:२०

लिंबूसत्त्व. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम. चार-पाच तास. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच पुसा, लगेच तेल. 'लगेच' दोनदा लिहिलंय कारण दहा मिनिटं विसरलात तर केशरी गंज परत येतो.

बिजागरी | शनिवार, दुपारी १२:४५

विजेवर करा, मी मोटारसायकलचे भाग करतो. प्लास्टिकचा टब, पाणी, चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. हत्यार गाडीच्या बॅटरीच्या चार्जरच्या ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला. उलट लावलंत तर आजोबांची पटाशी विरघळेल आणि भंगार चमकेल. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. भंगार म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा तर मुळीच नको, क्रोमियमचं विषारी पाणी होतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे बाहेर उघड्यावर करा, जवळ विडी ओढू नका.

सुतारपक्षी | शनिवार, दुपारी ३:१०

दोन्ही बरोबर. पण आमच्याकडे कऱ्हाडला काकवीत घालतात. एक भाग काकवी, नऊ-दहा भाग पाणी, आठवडाभर झाकून ठेवायचं. काकवी फक्त गंज खाते, चांगल्या लोखंडाला फारसा हात लावत नाही, ठसा शाबूत राहतो. रंध्याचं बिडाचं अंग मात्र मधून मधून काढून बघत जा, फार दिवस ठेवू नका. लाकडी मुठी आधी काढून घ्या हे सांगायला नको.

पोटमाळा | पुढचा शनिवार, रात्री ८:००

काकवी केली. सुतारपक्षी, वासाबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नव्हतात. ठाण्यातल्या फ्लॅटची बाल्कनी, चौथ्या दिवशी टबावर फेस, सहाव्या दिवशी मुंग्यांची वारी आणि शेजारच्या काकू दारात: "गावठी लावता की काय घरात?" त्यांना टबात बुडालेला रंधा दाखवला. विश्वास बसला असं वाटत नाही.

पण निघाला गंज! हाताने चोळला तर काळा चिखल होऊन वाहून गेला. जी. आय. पी. आर. आता रांगोळीशिवाय वाचता येतं. पटाश्यांना ग्राइंडरवर धार लावू का?

सुतारपक्षी | रविवार, सकाळी ७:००

नको! साधं कार्बन पोलाद आहे ते. ग्राइंडरवर तापलं की रंग बदलतो. सव्वादोनशे अंशांच्या आसपास वाळक्या गवतासारखा पिवळा, तोवर ठीक. तीनशेच्या जवळ गेलं की निळं. निळं दिसलं म्हणजे पाणी उतरलं, त्या जागी धार टिकणार नाही, तेवढं पोलाद घासून टाकावं लागतं.

जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा. आधी पटाशीची पाठ सपाट करा, निदान टोकाकडचं इंचभर. सगळे पुढची बाजू घासत बसतात आणि पाठ विसरतात. मग उतार पंचवीस अंशांचा, आणि शेवटी टोकाला तीसचा बारीक हात. पेपर २२० नंबरपासून २००० नंबरपर्यंत. धार लागली का हे बोटाने बघू नका, देवदाराच्या आडव्या टोकावर चालवून बघा. चुरा न होता पापुद्रा निघाला पाहिजे.

मुठींना जवसाचं तेल. ती तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

वाकसाचा फोटो कुठाय?

पोटमाळा | रविवार, सकाळी ११:४५

हा घ्या. ठसा नाही, काही नाही. रांगोळी चोळून थकलो.

सुतारपक्षी | रविवार, दुपारी १:३०

वाकसावर ठसा नसणारच. तो लोहाराने घडवलाय. त्याचं वाचन वेगळं. धारेच्या बाजूला काचेवर चार हात मारा आणि उजेडात धरा. धारेपासून थोडं वर एक नागमोडी रेघ दिसेल, वरचा भाग करडा, खालचा उजळ. वरचं मऊ लोखंड, खाली पोलादाची पट्टी भट्टीत तापवून ठोकून जोडलेली. पोलाद महाग, म्हणून धारेपुरतंच. कानस लावून बघा. रेघेच्या वर कानस खाते, खाली घसरते.

फोटोवरून वाटतंय की पोलाद अर्धा इंचसुद्धा उरलेलं नाही. नवा होता तेव्हा दोनेक इंच तरी असेल. बाकीचं आजोबांनी धार लावून लावून संपवलंय.

पोटमाळा | रविवार, रात्री ९:००

रेघ दिसली. अगदी समुद्राच्या लाटेने वाळूवर ओढावी तशी. मोजलं, सात मिलिमीटर.

आता शेवटचं, करवत. मुठीवर पितळी बिल्ला, त्याच्यावर गरुड आणि 'वॉरंटेड सुपीरियर'. या कंपनीची माहिती कुठेच मिळेना. आणि एक गंमत म्हणजे करवत कापतच नाही. एक्लिप्सने दात फाकवले, धार आहे, तरी ढकलली की नुसती घसरते.

शेफिल्डकर | सोमवार, पहाटे १२:५०

ती कंपनी नाहीच. अनेक कारखाने स्वतःचं नाव न टाकलेल्या मालावर तो तयार बिल्ला बसवत. खरं नाव पात्यावर कोरलेलं असायचं. सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पेपर गुंडाळून तेलात अगदी हलका हात फिरवा, कोरलेली अक्षरं असली तर काळसर दिसतील. ती उरलेली नसतील तर सोडून द्या.

दातांचा जवळून फोटो टाकाल? टोकं कुठल्या दिशेला आहेत?

पोटमाळा | सोमवार, सकाळी ८:२०

टोकं मुठीकडे वळलेली आहेत.

बिजागरी | सोमवार, सकाळी ८:४०

कुणीतरी मूठ उलट्या टोकाला बसवलीय. काढून दुसरीकडे लावा.

शेफिल्डकर | सोमवार, दुपारी ३:३०

पातं एका टोकाला रुंद, एका टोकाला निमुळतं आहे. मूठ रुंद टोकालाच आहे, बरोबर बसलीय. दातच उलटे घासलेत. नवे दात पाडून घ्या, इंग्लिश करवत ढकलून कापायची असते.

सुतारपक्षी | सोमवार, संध्याकाळी ७:१५

शेफिल्डकर, जरा थांबा. वर्कशॉपात टेबलाशी उभं राहून ढकलायची करवत. गावी आल्यावर टेबल कुठलं? आपला सुतार जमिनीवर बसतो, फळी पायाने दाबतो आणि करवत स्वतःकडे ओढतो. जुनी देशी करवत ओढून कापायचीच असते. आजोबांनी कानस घेऊन सगळे दात ओढीचे केले. किती दात आहेत? दीडशे? एकेक घासलाय.

पोटमाळा, बसून ओढून बघा.

पोटमाळा | मंगळवार, रात्री १०:३०

हॉलमध्ये सतरंजी गुंडाळून ठेवली आणि बसलो. डाव्या टाचेखाली देवदाराची फळी, करवत ओढली. पहिल्याच ओढीला भुसा मांडीवर आला. कापलेली रेघ दोन बोटं वाकडी गेली आणि पायाला मुंग्या आल्या, पण कापतेय. दात १४४ आहेत, मुलीने मोजले.

आत्या व्हिडिओ कॉलवर होती. म्हणाली, "ते टाच नाही, अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात धरायचे."

उद्या तसं बघतो.